रानमेंढ्या थंडीत दिसतात का?

प्रश्न: डिसेंबरात मुलीकडे अमेरिकेत सॅन डिएगोला जातोय, तिथून जावई आम्हाला अँझा-बोरेगोच्या वाळवंटात, बोरेगो पाम कॅन्यनला नेणार म्हणतोय. साठी उलटलीय पण गुडघे अजून साथ देतायत. त्या मोठ्या शिंगांच्या बिगहॉर्न मेंढ्या दिसतील का, की नुसतीच दगडांतून पायपीट?

उत्तर: दिसू शकतात, पण गॅरंटी नाही. खरं तर उन्हाळ्यात चान्स जास्त, कारण तेव्हा त्यांना पाण्यावर यावंच लागतं. थंडीत पाऊस झाला की पाल्यातूनच बरंचसं पाणी मिळतं, मग त्या डोंगरभर पांगतात. पण उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर, चालायचं नावच नको, तेव्हा डिसेंबरच बरा.

सगळे शिंगं शोधत बसतात, तिथेच चुकतं. अंगाचा रंग अगदी दगडाचाच, त्यामुळे शोधायचा तो ढुंगणावरचा पांढरा डाग. आणि बडबड बंद ठेवा, वरून खडा घरंगळला की जागीच थांबून दुर्बीण लावा. मी एकदा अर्धा तास वर बघून मान अवघडून घेतली, कंटाळून थर्मास उघडला आणि तेवढ्यात खडखड, बघतो तर पाच पांढरे डाग आडवे चाललेत, एवढा वेळ मी त्याच उतारावर दुर्बीण फिरवत होतो! लांबूनच बघा हं, १९९८ पासून या मेंढ्या धोक्यातल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहेत.

वाट जाऊन-येऊन साधारण ५ किलोमीटर, शेवटी ताडासारख्या फॅन पामची राई. २००४ च्या पुरात बरीच झाडं वाहून गेली, २०२० मध्ये आग लागली, तरी राई आहे. वाटेत झुडपांवर बांडगूळ दिसलं तर थांबाच, त्याची फळं खायला फेनोपेप्ला पक्षी येतो, काळाभोर, तुरेवाला, लालबुंद डोळ्यांचा. मला तर तो मेंढ्यांइतकाच आवडतो.

पाणी थंडीतही माणशी दोन लिटर घ्या, आणि एक कंगवा. हसू नका, चोया निवडुंगाचा गोळा पँटला चिकटला की हाताने काढायला गेलात तर हातालाच चिकटतो, कंगव्याने उडवायचा. निघा सकाळीच, डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो आणि दरीत सावली त्याच्याही आधी येते, जॅकेट गाडीत ठेवून जाऊ नका.