समासात नाव लिही

प्रिय मित्रा,

तुझं टिपण दोनदा वाचलं. ग्रीकांनी लाकडी घोड्यात लपून ट्रॉय नगर घेतलं, त्या पाडावावर लिहायला बसलास, प्रत्येक पुस्तकात वेगळंच सापडलं आणि 'यातलं खरं कुठलं?' म्हणून अडून राहिलास. प्रश्नच बदल. 'कोण सांगतंय?' असं विचार. पेन्सिल घे आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात सांगणाऱ्याचं नाव लिही. नाव सापडलं नाही तर वाक्य खोड.

पहिलंच पान बघ. 'इलियडच्या शेवटी लाकडी घोडा नगरात येतो.' नाही रे येत! होमरच्या या ग्रीक महाकाव्याचे 24 सर्ग ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतात. तेव्हा ग्रीकांचा वीर ॲकिलीस जिवंत आहे, तट उभा आहे. घोडा भेटतो होमरच्याच ओडिसीत, तोही आठवणीतून. 4थ्या सर्गात, जिच्यासाठी युद्ध झालं त्या हेलनचा नवरा मेनेलाओस सांगतो ते सावकाश वाच. हेलन घोड्याभोवती तीन फेऱ्या घालते, पोकळ पोट हाताने चाचपते आणि आतल्या वीरांना त्यांच्या त्यांच्या बायकोच्या आवाजात हाका मारते. आत बसलेला अँटिक्लस ओ देणार, तेवढ्यात ओडिसियस त्याचं तोंड दाबून धरतो. हे हाताशी असताना 'सैनिक श्वास रोखून बसले' असलं गुळमुळीत वाक्य कशाला?

घोडा आत घ्यायला लावणारी ग्रीक सिनॉनची थाप, ट्रॉयचा पुजारी लाओकून याने घोड्यावर फेकलेला भाला, समुद्रातून आलेले दोन साप हे तू होमरच्या नावावर टाकलंस. तू लिहिलंयस त्या रूपात ते रोमन कवी व्हर्जिलचं, त्याच्या एनीड महाकाव्याच्या 2ऱ्या सर्गातलं. तिथे पाडावाची हकिगत हरलेल्या बाजूचा ईनियस सांगतो, म्हणून ती इतकी जळते. घोडा वेशीच्या उंबऱ्यावर चारदा अडतो, चारही वेळा पोटात शस्त्रं खणखणतात, तरी लोक ओढतच राहतात. लाकडाचं म्हणशील तर व्हर्जिल एकदा फर म्हणतो, मग मेपल, मग पाइन. तू एकच निवडून 'पाइनचा घोडा' लिहिलंस. का? आत किती जण होते? अपोलोडोरसच्या नावावरचा ग्रंथ 50 म्हणतो आणि 'छोटं इलियड' या हरवलेल्या ग्रीक काव्यात 3000 आहेत अशी नोंदही करतो. दोन्ही आकडे दे, दोन्ही नावं दे. मधला आकडा काढू नकोस, तो कुणीच सांगितलेला नाही.

ॲकिलीसचं सगळं शरीर अभेद्य, फक्त टाच सोडून, या गोष्टीचंही तेच. इलियडच्या 21व्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या अस्तेरोपायोसचा भाला ॲकिलीसच्या उजव्या हाताला, कोपराशी चाटून जातो आणि रक्त येतं. पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य झालेलं शरीर इ.स. 1ल्या शतकातल्या रोमन कवी स्टेशियसकडे येतं.

याला कीस पाडणं म्हणणारे भेटतील. म्हणू देत. नावं पुसलीस की हजार वर्षांचे कवी एका सपाट गोष्टीत बुडतात आणि हेलनचा तो आवाज पहिला जातो. या बाबतीत मी हटणार नाही.

तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या, म्हणजे ट्रॉयची जागा मानल्या जाणाऱ्या टेकडीच्या, उत्खननाला वेगळ्या रंगाची पेन्सिल घे. तिथे एकावर एक नऊ वसाहती आहेत. 1873 मध्ये उत्खनन करणाऱ्या श्लीमानने 'प्रायमचा', म्हणजे ट्रॉयच्या राजाचा, 'खजिना' म्हणून मिरवलेलं सोनं खालून दुसऱ्या थरातलं, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा मानला जातो त्या काळाच्या हजारएक वर्षं आधीचं. सातव्या वसाहतीतला जळालेला थर 7अ इ.स.पू. 1180च्या सुमाराचा. तो आग लागल्याचं सांगतो, घोड्याचं नाही.

पुढचा मसुदा पाठवताना डावा समास दोन इंच सोड.