कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात पहिलं घर बांधताय?
सौर पॅनेलचं नंतर बघा, आधी भिंती आणि फटी. रेजायनात १९७७ साली बांधलेलं सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस अभ्यासा: फूटभर जाडीच्या दुहेरी भिंती, त्यात ठासून इन्सुलेशन (उष्णतारोधक थर), आणि नेहमीची फर्नेसच, म्हणजे घर तापवणारी भट्टीच, नाही! तेही उणे ३०च्या हिवाळ्यात.

पण घर हवाबंद केलंत की बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र हवंच. बाष्परोधक प्लॅस्टिक भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला लावा आणि सांधे नीट चिकटवा. इथे हयगय नकोच. दमट हवा भिंतीत शिरून गोठते, मग लाकूड कुजतं.

भिंती झाकण्याआधी दारात पंखा बसवून हवेची गळती तपासा. त्या दिवशी शेजाऱ्यांना, शाळेतल्या मुलांना आवर्जून बोलवा. वारा कुठून येतो, ते फटींपाशी हात नेऊन त्यांनाच शोधू द्या.