बंपहेड पॅरटफिश खरंच कोरल (प्रवाळ) चावून खातो का? मग रीफची, म्हणजे कोरलच्या खडकाची, वाट लागत नाही का?

हो खातो, आणि जिवंत कोरलसुद्धा सोडत नाही. पॅरटफिशमधला हा सगळ्यात मोठा, सव्वा मीटरपर्यंत वाढतो, वजन ४० किलोच्या वर, आणि कपाळावर ते भलंमोठं टेंगूळ. चोचीसारख्या दातांनी तोडायचं, घशातल्या दातांनी दळायचं आणि मागून पांढरी वाळू सोडायची, एक मोठा मासा वर्षाला ५ टनांच्या वर कोरल असं फस्त करतो! नुकसान थोडं होतंच, पण शेवाळही खरवडलं जातं आणि नवीन कोरलला जागा मिळते. खरा प्रॉब्लेम आपला माणसांचा, हे मासे रात्री उथळ पाण्यात कळपाने झोपतात मग टॉर्च आणि भाला घेऊन गेलं की आख्खा कळप साफ, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आता दिसतच नाहीत.