टपाच्या पन्हळीत सिलिकॉन भरू नका

प्रश्न : आमची २०१३ ची हॅचबॅक आहे. टपाच्या दोन्ही बाजूंना जी लांब काळी पट्टी असते ना, त्यातली ड्रायव्हर साइडची पुढच्या टोकाला उचकटलीय. पुण्याला जाताना मोहोळ सोडून ८० च्या वर गेलं की शिट्टी सुरू. सप्टेंबरच्या पावसात पुढच्या खांबाजवळ (पुढची काच आणि दार यांच्या मधला) आतलं कापड ओलं झालं, तेव्हा गॅरेजवाल्याने पट्टीच्या कडेने सिलिकॉन मारून दिलं. मे पर्यंत एकदम बरं होतं, परवाच्या वळवात परत तेच. पट्टी बदलू का? घरी जमेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, मे पर्यंत बरं होतं म्हणता, पण आपल्याकडं दिवाळीनंतर मे पर्यंत पाऊस पडतो तरी किती? सिलिकॉन पास झालं नव्हतं, त्याची परीक्षाच झाली नव्हती.

ती पट्टी पाणी अडवते असं बहुतेकांना वाटतं, तसं नाहीये. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथं स्पॉट वेल्डिंगने जोडतात तिथं ती लांब खाच असते, जोडावर कंपनीतच सीलंटचा थर मारून वर रंग देतात, पाणी अडवायचं काम त्या थराचं. पट्टी म्हणजे नुसतं झाकण. तिच्या खाली थोडं पाणी जाणार हे धरलेलंच असतं, ते खाचेतून पुढंमागं वाहून उतरून जातं. आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं, मृगाच्या आधी वर पांढरी माती पसरायची आणि पन्हळी मोकळ्या करायच्या हे ठरलेलं, कारण पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरायचं. तुमच्या गाडीची पन्हळ कडेने लिंपून टाकलीय. आत गेलेलं पाणी आतच, त्यात धूळ बसून चिखल. शिवाय लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला असेल तर ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे पत्रा कुठं उघडा असेल तर गंजाला आमंत्रणच.

आता काम. सकाळी सातच्या आत घ्या, मे महिन्यात अकराला टपाला हात लावून दाखवा. सिलिकॉन आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढायचं, ब्लेड नको. मग खाचेच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप मारा आणि पट्टी उचकटलेल्या टोकाकडून इंच इंच वर घ्या. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, मी घातला होता माझ्याच गाडीला, टवका उडाला तो अजून दिसतो. एकदम ओढायची नाही, पट्टी मध्ये दुमडली की ती घडी कायमची राहते. अडली तर हेअर ड्रायरने जरा कोमट करा. काही गाड्यांत पट्टी क्लिपांवर बसते, काहींत नुसती दाबून, काहींत टोकाला दोन बाजूंची टेप असते, ते उघडताना बघून फोटो काढून ठेवा. क्लिपा मोडणारच, बारा वर्षांचं प्लास्टिक आहे, म्हणून मोजा आणि नव्या आणल्यावरच बाकीचं काढा, नाहीतर गाडी आठवडाभर उघडी राहते.

आत काय निघेल ते बघून घाबरू नका. कडुनिंबाच्या काड्या, वाळलेला चिखल, एकदा तर माझ्याकडं एका गाडीत ज्वारीची कोंबं निघाली होती. जुना टूथब्रश, कार शॅम्पूचं पाणी, कोरडा कपडा, बास. रॉकेल, थिनर अजिबात नको, रॉकेलने रबर फुगतं आणि थिनर रंग उचलतो. कोरडं झालं की बॅटरी घेऊन पूर्ण खाच बघा, हेच खरं काम आहे. सीलंटला केसासारखी चीर दिसली किंवा रंगाखाली फुगवटा दिसला तर पाणी तिथूनच. नुसती चीर असेल तर पॉलियुरेथेनचं बॉडी सीलंट भरून बोटाने सपाट करा. गंज असेल तर मात्र चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासणं, मग इपॉक्सी प्रायमर, मग सीलंट, मग रंग, याच क्रमाने, आणि हे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं द्या. सिलिकॉन मारलं होतं हे त्याला आधीच सांगा, त्याचा अंश राहिला तर रंगाला खड्डे पडतात आणि तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतो.

चीर सापडली नाही तर पट्टी न बसवता पाण्याची टेस्ट घ्या. एक जण आत बॅटरी घेऊन, एक बाहेर पाइप घेऊन. धार बारीक, आणि खालून वर यायचं, आधी काचेचा खालचा कोपरा, मग वरचा, शेवटी खाच. डायरेक्ट टपावर ओतलं तर सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही. कापड ओलं होतं तिथंच भोक असेल असंही नाही, पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेलं पाणीही खांबाजवळच दिसतं. फक्त आतलं खांबाचं कव्हर उपटू नका, पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर त्या तिथंच असतात.

बसवताना टेपची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दाबून लावा आणि २४ तास धुऊ नका. पट्टी ताणून बसवू नका, तापली की ती आखडते आणि टोकाला परत फट पडते. तुमची पट्टी आखडलेलीच असणार, दोन्ही बाजू शेजारी ठेवून लांबी बघा, कमी भरली तर बदला, शिट्टीही त्यानेच जाईल.

प्रश्न : आम्ही चादरी-टॉवेलचे गठ्ठे गाडीच्या टपावरच्या कॅरियरवर नेतो. रेल हलतेय, बोल्ट जोरात आवळला तर चालेल का? – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आवळण्याआधी काढा. बोल्टखालचं वॉशर-गॅस्केट चपटं झालेलं असतं, कितीही आवळलं तरी पाणी बोल्टच्या भोकातून आत येतं आणि पत्रा दबतो तो वेगळा. गॅस्केट नवं टाका. बहुतेक छोट्या गाड्यांच्या टपाला ५० ते ७५ किलोच झेपतं आणि त्यात कॅरियरचं वजन धरलेलं असतं, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा. गठ्ठे भिजले की वजन किती वाढतं हे मी तुम्हाला सांगायला नको, ताडपत्री टाका. आणि दोरी दारातून आत घेऊन बांधता ना? तिनेच दाराचं रबर कापलं जातं.