ऑनलाइन गटांवर संशोधन करायचंय : कर्ज काढण्याआधी हे करा

प्रश्न : मुलगी सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लोक ऑनलाइन गटांत का टिकतात, का सोडून जातात, यावर संशोधन करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. त्यासाठी आधी परदेशात एम.एस. करावं का? कर्ज काढायची तयारी आहे. – एक पालक

उत्तर : मुलीचा विषय ह्युमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे माणसं संगणक आणि ऑनलाइन साधनं कशी वापरतात याच्या अभ्यासात मोडतो. पीएच.डी.पर्यंत पोहोचायला म्हणून एम.एस.चं कर्ज काढू नका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला, तर सहसा फी माफ होते आणि विद्यावेतनही मिळतं. एम.एस.चा खर्च बहुतेकदा घरातूनच करावा लागतो. इकडे आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात सीड (सीईईडी) ही प्रवेश परीक्षा देऊन इंटरॅक्शन डिझाइनमध्ये एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी करता येते, आयआयआयटी हैदराबादला संशोधनावर आधारित एम.एस. आहे.

निवड करणारे प्राध्यापक मार्क बघतातच, पण मुलीने एखादा छोटा अभ्यास तडीस नेला आहे का, हे जास्त बारकाईने बघतात. तो सोलापुरात बसून होतो.

मराठी विकिपीडिया २००३पासून आहे आणि त्यातल्या प्रत्येक संपादनाचा इतिहास खुला आहे. एका वर्षात पहिलं संपादन करणाऱ्यांपैकी महिन्याभराने किती जण परत आले, हे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मोजता येतं. बॉटची, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची, संपादनं आधी वगळायची, नाहीतर आकडे फुगतात. लॉगिन न करता केलेली संपादनंही वेगळी ठेवायची, कारण एकच माणूस तिथे चार जणांसारखा दिसू शकतो. सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. रेडिट आणि ट्विटरने २०२३मध्ये एपीआयला (प्रोग्रॅमने डेटा घेण्याच्या सोयीला) पैसे लावल्यापासून तिथला डेटा मोठ्या प्रमाणावर मिळवणं विद्यार्थ्यांना अवघड झालं आहे.

आकडे ‘किती’ ते सांगतात, ‘का’ ते माणसांना विचारावं लागतं. आणि इथे सोलापूरकर मुलगी खरोखर पुढे आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच पेठेत ऐकणाऱ्या संशोधक फार नाहीत. यंत्रमाग कामगारांच्या व्हॉट्सॲप गटात कोण लिहितं, कोण व्हॉइस मेसेज टाकतं आणि का, हा अस्सल संशोधनाचा प्रश्न आहे. १२ ते १५ जणांशी प्रत्येकी पाऊण तास बोलावं, त्याआधी दोघांवर प्रश्न तपासून घ्यावेत. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास जातात. ‘गट का सोडला?’ असं थेट विचारलं की माणसं गुळमुळीत उत्तर देतात. ‘शेवटचा मेसेज कधी टाकला, मग काय झालं?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं.

ॲडमिनची परवानगी म्हणजे सगळ्यांची नव्हे. प्रत्येकाची संमती हवी, ती त्याच्या भाषेत. स्क्रीनशॉटमधली नावं आणि नंबर काढलेच पाहिजेत. कॉलेजात नैतिकता समिती (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी) असेल तर मंजुरी आधी घ्यायची. मुलाखती झाल्यावर मागून ती मिळत नाही आणि मेहनत वाया जाते.

या क्षेत्रात जर्नलपेक्षा सीएचआय (CHI) आणि सीएससीडब्ल्यू (CSCW) या आंतरराष्ट्रीय परिषदांतल्या निबंधांना वजन आहे. त्यातले दहा-बारा वाचून कोणाचं काम आवडतं ते तिने ठरवावं आणि त्याच प्राध्यापकांकडे अर्ज करावा. विद्यापीठाचं नाव दुय्यम.

भारतात या विषयाच्या प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत, हे आताच जाणून असा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. नंतर कंपन्यांत यूएक्स संशोधनाचं, म्हणजे वापरणाऱ्यांचा अनुभव अभ्यासण्याचं, कामही मिळू शकतं.

अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरात बंद होतात आणि सहसा तीन शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक तरी तिचं संशोधन जवळून पाहिलेल्या शिक्षकांचं असावं. म्हणून मार्गदर्शक याच सत्रात गाठा.