पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालतोच असं नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मुलीच्या सीईटीच्या अभ्यासासाठी एक सेकंडहँड मिनी पीसी घेतलाय, तो मॉनिटरच्या मागे लावतात तसला छोटा डबा. परवा लाइट जाऊन आली आणि त्याचा अडॅप्टर गेला, दिवाच लागत नाही. पीसीच्या खाली १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर लिहिलंय. घरात सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरवाला पडून आहे, जुन्या लॅपटॉपचा १९.५ व्होल्ट ४.६२ अँपिअरचा पण आहे, पण त्याची पिन जाड आहे. दुकानदार म्हणतो युनिव्हर्सल न्या, त्यात सगळ्या पिना येतात. काय करू? (एक वाचक, कराड)

उत्तर : पैसे घालवायच्या आधी बोर्डापासून अडॅप्टरपर्यंत येणारी वायर बदलून बघा. तीन गोल भोकांच्या तोंडाची असेल तर लॅपटॉपचीच बसेल. कधी कधी अडॅप्टर धडधाकट असतो आणि ही वायरच आतून तुटलेली असते. तरी दिवा नाही लागला तर मग गेला तो.

सीसीटीव्हीचा अजिबात लावू नका. १२ गुणिले ५ म्हणजे ६० वॉट, पीसीला हवेत ६५, जवळजवळ सारखंच की असं वाटतं, पण आधी व्होल्ट जुळले पाहिजेत, वॉट नंतर. इंटेलच्या ‘नक’ नावाच्या मिनी पीसीच्या काही मॉडेलवर १२ ते १९ व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यांना चालतं. तुमच्या लेबलवर एकच आकडा आहे, मग तोच. अर्धा व्होल्ट इकडेतिकडे सहसा खपून जातो, त्याच्यापुढे नको.

अँपिअरचं उलटं, ३.४२ किंवा त्याहून जास्त कितीही चालेल. पंगतीत वाढपी भरपूर घेऊन उभा असला तरी पानावरचा माणूस भूक असेल तेवढंच घेणार ना, तसं. कमी मात्र नको. कमी अँपिअरवर पीसी चालू होतो, डेस्कटॉप पण दिसतो आणि लेक्चरचा व्हिडिओ लावून दहा टॅब उघडले की फटकन बंद, मग लोक विंडोज फॉरमॅट करत बसतात आणि दोष असतो अडॅप्टरचा.

या हिशोबाने लॅपटॉपवाला चांगला आहे, अडचण फक्त पिनची. कन्व्हर्टर पिन मिळते, ती लावून आठवडाभर निभावून न्या, कायमचं नको कारण तो जोड सैल पडतो आणि तापतो. पिन घेताना मेलेला अडॅप्टर सोबत न्याच. बाहेरून ५.५ मिलिमीटरची दिसणारी पिन आतून २.१ पण असते आणि २.५ पण, नुसतं बघून कळत नाही, आणि २.५ वाली २.१ च्या सॉकेटात जाते पण ढिली बसते, ठिणग्या उडतात. लेबलवर गोलात टिंब असलेलं चिन्ह असतं, त्यात प्लस आतल्या टिंबाला जोडलेलं आहे का तेही दोन्हीकडे जुळवा.

युनिव्हर्सलला माझा विरोधच आहे. ज्याला व्होल्टचं सरकतं बटण असतं, १२ पासून २४ पर्यंत, ते झाडताना सरकून २४ वर गेलं तर मदरबोर्डच जायचा. त्यापेक्षा लॅपटॉप रिपेअरवाल्याकडे १९ व्होल्ट ३.४२ किंवा ४.७४ अँपिअरचा मागा, कॉमन माल आहे, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर पिन दाखवून निवडता येईल. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर नंतरचा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. नंबर नसेल किंवा भलत्याच कंपनीचा निघाला तर परत द्या.

बाकी ज्यांच्याकडे डेल, एचपी, लेनोवोचे छोटे डेस्कटॉप आहेत त्यांना हे एवढ्यावर भागत नाही. डेलच्या पिनमध्ये मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, ती अडॅप्टर किती वॉटचा आहे ते मशीनला सांगते. ओळख पटली नाही की चालू होतानाच मेसेज येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. लेनोवोच्या चपट्या चौकोनी पिनमध्येही तसली ओळखीची सोय आहे. तिथे त्याच कंपनीचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा घ्या.

प्रश्न : माझ्या मोबाईलचा चार्जर ६५ वॉटचा आहे, मिनी पीसी पण ६५ वॉटचा. टाइप-सी टू गोल पिन केबल ऑनलाइन मिळते, चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा आधी. वनप्लस-ओप्पोच्या ६५ वॉटवाल्यांवर १० व्होल्ट ६.५ अँपिअर लिहिलेलं सापडेल, गुणाकार ६५ च येतो पण १० व्होल्टवर तुमचा पीसी जागाही होणार नाही. टाइप-सी पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून जास्त पॉवर द्यायची ठरलेली पद्धत) असेल तर त्यात ५, ९, १५, २० असे ठरलेले टप्पे असतात, १९ त्यात नाहीच. पीसीवर २० व्होल्ट ३.२५ अँपिअर असेल आणि चार्जरवरही २० व्होल्टसमोर तेवढंच छापलेलं असेल तर २० व्होल्टची केबल आणून बघायला हरकत नाही, फक्त त्या केबलवर व्होल्ट लिहिलेले नसतील तर घेऊच नका.