क्लिक अभिक्रियेनंतर कंट्रोलही लाल चमकतो, डाय खराब निघाला का?

तुम्ही गोव्यातल्या जुवारीच्या पाण्यातल्या जिवाणूंना एचपीजी (नव्या प्रथिनांत शिरणारं, अल्काइन गट असलेलं अमिनो आम्ल) खाऊ घातलंत, मग क्लिक अभिक्रियेने त्याला सायफाइव्ह अझाइड हा लाल चमकणारा डाय जोडलंत, आणि एचपीजी न घातलेली कंट्रोलची स्लाइडही लालभडक दिसली. डाय बहुधा ठीक आहे, रंगाची निवड चुकली.

नदीच्या पाण्यात जिवाणूंबरोबर सूक्ष्म शैवालंही येतात. त्यांचं क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास आपणहून चमकतं, सायफाइव्ह ६७०ला. सूक्ष्मदर्शकाच्या फिल्टरला हा फरक कळणार कसा? मीही मांडवीच्या पाण्यावर यात दोन आठवडे घालवलेत. मग शहाणपणा करून टॅम्रा हा नारिंगी डाय घेतला, तर सिनेकोकॉकस हे नील-हरित जिवाणू झळकायला लागले. त्यांच्यातलं फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य नेमकं नारिंगी चमकतं. शेवटी ४८८ नॅनोमीटरच्या लेझरवर चालणाऱ्या हिरव्या डायवर आलो. नवा डाय मागवण्याआधी काहीच न लावलेली स्लाइड सगळ्या फिल्टरांखाली बघा, फुकटात होतं.

दुसरा कंट्रोल लोक विसरतात: एचपीजी आहे, डाय आहे, पण तांबं नाही. तोही चमकला तर डाय नुसता चिकटलाय, धुणं वाढवा.

तांबं म्हणजे आपलं मोरचूदच. त्यातलं तांबं सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटने क्षपित झालं की अझाइड आणि अल्काइन जुळतात. मोरचूद आणि टीएचपीटीए (तांब्याला धरून ठेवणारा रेणू) आधी एकत्र करा, अ‍ॅस्कॉर्बेट सगळ्यात शेवटी आणि त्याच दिवशी विरघळवलेलं. पिवळट दिसलं की सरळ ओतून द्या.

कुणी तांब्याशिवायचा डीबीसीओ डाय (तांब्याविना अझाइडला जुळणारा) सुचवेल. कुळागरात पोफळींवरच्या बुरशीला मारायला बोर्डो मिश्रण मारतात, त्यातही हेच मोरचूद असतं. म्हणजे जिवंत पेशींना तांबं सोसत नाही हे खरं. रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझींनी तांब्याशिवायची वाट काढली ती त्यासाठीच (२०२२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये शार्पलेस आणि मेल्डाल यांच्याबरोबर त्याही होत्या). पण तुमचे जिवाणू फॉर्मालिनने आधीच मेलेले आहेत. शिवाय डीबीसीओला अझाइड लागतं आणि एचपीजीवर आहे अल्काइन, तेव्हा एएचए (एचपीजीसारखंच, पण अझाइड असलेलं अमिनो आम्ल) घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. वर प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला डीबीसीओ नको तितका चिकटतो, ते वेगळंच.

आणि सध्या पाऊस आहे, तर फ्रीझरमधली डायची कुपी काढल्या काढल्या उघडू नका. बाहेरून घाम येतो तसा आतही येतो आणि डाय ज्यात विरघळवलेला असतो तो डीएमएसओ पाणी पिऊन बसतो. अर्धा तास टेबलावर झाकलेली राहू दे.